पेंढ्याचा सभापती

लग्न होऊन या घरात आले तेव्हा दारातच एका लांडग्याने माझ्याकडे बघून दात विचकले. मी किंचाळले. नवरा म्हणाला, "अगं, घाबरू नकोस, तो घरचाच आहे." आतून सासूबाईंचा आवाज आला, "त्याच्या पाठीवर बॅगा ठेवू नका रे, केस झडतायत त्याचे." आणि सासरे पुढे होऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "दात त्याचे स्वतःचे आहेत. जीभ मी केलीय. कशी वाटते?"

नव्या सुनेला सासऱ्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "चांगली झालीय." त्या दिवशी आमचं जे मेतकूट जमलं ते कायमचं. मी त्यांना बाबा म्हणायचे. गाव त्यांना 'पेंढेवाले' म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर होतं.

मेलेल्या जनावराच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंत असल्यासारखं उभं करायचं, हा बाबांचा धंदा. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दुकान होतं, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधे एक पडदा. पडद्याच्या पलीकडे सोमलाचा साबण. कातड्याला कीड लागू नये म्हणून तो आतून चोळायचा. इतका जालीम की बोटभर पोटात गेला तर माणसालाही कीड लागायची नाही. पडद्याच्या अलीकडे अंगाचा साबण. हे दोन साबण एकमेकांच्या जागी जाऊ नयेत, या एका काळजीत सासूबाईंचं उभं आयुष्य गेलं. भिंतीवरच्या लाकडी खणांत काचेचे डोळे जोड्या लावून ठेवलेले असायचे. माझा मुलगा लहानपणी त्यांच्या गोट्या खेळायचा. एकदा एका कोल्ह्याला घाईत बदकाचे डोळे बसले, आणि तो कोल्हा जन्मभर कुणीतरी आपल्याला फसवलंय अशा चेहऱ्याने बसून राहिला.

मी आले तोवर धंद्याचे सोन्याचे दिवस सरले होते. ते मला सासूबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितले. त्या काळी शिकार म्हणजे प्रतिष्ठा होती. डॉक्टर, ठेकेदार, बँकेचे मॅनेजर, ज्याच्याकडे बंदूक आणि रविवार असेल तो रानात जायचा आणि येताना बाबांच्या दारात काहीतरी आणून टाकायचा. प्रत्येकाची मागणी एकच, तोंड उघडं हवं. लांडगा पाणी पिताना पाठीत गोळी लागून मेलेला असला, तरी दिवाणखान्यात तो मालकाच्या अंगावर झेप घेतोय असंच दिसायला पाहिजे. सशाचं तोंड उघडून मागणारासुद्धा एक महाभाग होता. बाबांनी दिलं उघडून. ससा जांभई देतोय असं वाटायचं, पण मालक खूश होता.

हरणाची मात्र पंचाईत. हरणाचं तोंड उघडलं तर ते फार तर दाढ दुखतेय म्हणून आल्यासारखं दिसतं. म्हणून हरणासाठी बाबांनी एक वेगळी ढब बसवली होती. मान उंच, छाती पुढे, नजर दूर डोंगराकडे आणि पुढचा एक पाय हवेत उचललेला, आता भाषणाला सुरुवात करणार तसा. गिऱ्हाइकांना ती इतकी आवडली की पुढे प्रत्येक हरीण त्याच ढबीत उभं राहू लागलं. खरं हरीण असं उभं राहतं का, हे कुणी विचारलं नाही. बाबांनाही ते माहीत नव्हतं, कारण बाबांनी जिवंत हरीण कधी बघितलेलंच नव्हतं.

ही गोष्ट मला कळली तेव्हा मी तोंडात बोट घातलं. हरणाच्या बरगड्या त्यांना बोटांनी मोजता येत. पोटावरचं कातडं कुठे पातळ असतं, कानामागचं कुठे चिवट असतं, सगळं पाठ. पण जनावर त्यांच्याकडे यायचं ते मेल्यावर. लहानपणापासून दुकानात वडिलांच्या हाताखाली बसलेले, त्यामुळे रानात जायला सवड नाही. सवड काढून गेले तर अंगाला सोमलाचा, तुरटीचा आणि जनावरांच्याच मेलेल्या नातेवाइकांचा वास. रान त्यांच्या आधी अर्धा कोस रिकामं व्हायचं. एकदा प्राणिसंग्रहालयात एक हरीण आल्याचं कळलं. रविवारी सगळ्यांनी बघायला जायचं ठरलं. सासूबाईंनी डबा कशाचा करायचा तेही ठरवलं. शुक्रवारी ते हरीण हातगाडीवरून बाबांच्याच दारात आलं.

"डोळे अजून ओले होते त्याचे," बाबा सांगायचे. "दोन दिवस थांबायला काय झालं होतं त्याला?"

टीव्हीवर दिसतात की, असं माझा नवरा म्हणाला तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "त्याला मागची बाजू नसते." ज्या माणसाने आयुष्यभर जनावर चारी बाजूंनी शिवलं, त्याचं चपट्या हरणाने समाधान होणार नव्हतं.

गावातले सगळ्यात मोठे शिकारी म्हणजे वकीलसाहेब. त्यांच्या दिवाणखान्यात शिंगांमुळे छत्री टांगायला जागा नव्हती. खालच्या रानातला एक भला थोरला नर त्यांनी मारला आणि अख्खाच्या अख्खा भरून घेतला. बाबा त्या वेळी ऐन उमेदीत होते. त्यांनी जीव ओतला. मान एवढी उंच केली, छाती एवढी फुगवली आणि पाय असा उचलला की दिवाणखान्यात येणारा माणूस आपोआप चपला बाहेर काढायचा. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'सभापती'.

सभापतीनंतर वकीलसाहेब पुढचे कितीतरी हंगाम रानातून हात हलवत परत आले. खालच्या रानात एकही हरीण शिल्लक नव्हतं. वकीलसाहेब हवालदिल झाले. "जनावरं गेली कुठे?" असं ते भेटेल त्याला विचारू लागले. निम्मी त्यांच्याच दिवाणखान्यात होती, पण हे त्यांना सांगणार कोण? जनावरं कमी झाल्याचं ज्यांनी सगळ्यात जास्त मारली त्यांच्याच आधी लक्षात आलं, हे एका अर्थी बरोबरच होतं; बाकीच्यांनी रानात पाऊल कधी टाकलं होतं? वकीलसाहेबांनी वन्यजीव रक्षण मंडळ काढलं. अध्यक्ष स्वतः. सभासद, त्यांच्याबरोबर शिकारीला जाणारी सगळी मंडळी. सभा त्यांच्याच दिवाणखान्यात, सभापतीच्या फुगलेल्या छातीखाली. रानाची दुर्दशा ऐकून सभासदांचे डोळे पाणावत आणि मग ते शिंगांवरच्या टोप्या काढून घरी जात.

मंडळाला बोधचिन्ह हवं होतं. चित्रकाराने समोरच्या सभापतीचं चित्र काढलं. मान उंच, पाय वर. ते पत्रांवर आलं, मग शाळेच्या पुस्तकात, मग अभयारण्याच्या फाटकावर, शेवटी रस्त्याकडेच्या प्रत्येक पिवळ्या पाटीवर. खरी हरणं दिसेनाशी झाली आणि बाबांचं हरीण घरोघर पोचलं. पोरं चित्रकलेच्या तासाला हरीण काढायची तर पाय आधी वर काढायची.

पुढे कायदा झाला. शिकार बंद, कातडी बंद, शिंगं बंद, पेंढा भरणं बंद. कायद्याचा मसुदा वकीलसाहेबांनी लिहिला, त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला. त्याच आठवड्यात बाबांच्या दुकानावर धाड पडली. मारणारे रक्षक झाले होते, आणि पेंढा भरणारा तेवढा गुन्हेगार उरला होता. अधिकाऱ्यांनी दोन खोल्या रिकाम्या केल्या, काचेचे डोळे तेवढे सोडले. दारातला लांडगा वाचला, कारण सासूबाईंनी त्याच्या पाठीवर ओले टॉवेल वाळत घातले होते आणि पंचनाम्यात त्याची नोंद 'जुने फर्निचर' अशी झाली.

बाबांनी कुणाला बोल लावला नाही. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. आता निदान एखादं जिवंत राहील." हे सांगताना सासूबाईंच्या हातातली भाजी थांबायची. धंदा बुडाल्याचा आनंद झालेला माणूस त्यांनी दुसरा बघितला नव्हता.

मग सरकारी वस्तुसंग्रहालयाने त्यांना नोकरीवर घेतलं, जप्त केलेली जनावरं झटकायला. वकीलसाहेब गेल्यावर त्यांच्या मुलांनी सभापती संग्रहालयाला भेट दिला. त्याच्या पायाशी आधी 'यांनी मारला' अशी पितळी पट्टी होती. आता 'यांच्या प्रेमळ स्मृतीस' अशी बसली. जनावर तेच, माणूस तोच, स्क्रूची भोकंही तीच. बाबा रोज सकाळी सभापतीचे डोळे ओल्या कापडाने पुसायचे आणि शाळेच्या सहलींना सांगायचे, "हे आपल्या रानातलं शेवटचं हरीण." पोरं विचारायची, "काका, तुम्ही याला पळताना बघितलंय?" बाबा म्हणायचे, "चला, पुढे बदकं आहेत."

ते निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि बाबांची नजर कमी होऊ लागली. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू असता तर काढला असता, पण ही नस सुकतेय. एवढी वर्षं सोमलात हात घातल्यावर आणखी काय होणार? दिव्याची वात कमी करत जावी तशी नजर जाणार होती. आधी लांबचं, मग जवळचं.  दवाखान्यातून घरी येऊन बाबा लांडग्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "सूनबाई, तेवढं एक हरीण राहिलं बघ."

मी तेव्हा वनखात्याच्या कचेरीत कारकून होते. अभयारण्य माझ्या टेबलावरून चालायचं म्हटलं तरी चालेल. मी बाबांना ज्येष्ठ नागरिकांच्या बसमध्ये बसवून तीनदा आत नेऊन आणलं. पहिल्या खेपेला धूळ दिसली. दुसऱ्या खेपेला सगळे ओरडले, "ते बघा, ते बघा!" आणि बाबांच्या डोळ्यांसमोर पुढच्या सीटवरच्या बाईंची टोपी आली. तिसऱ्या खेपेला गाईडने पाटीवरचं हरीण दाखवलं. बाबा म्हणाले, "हे मीच केलंय," तर गाईड हसून म्हणाला, "हो का आजोबा? छान छान."

खरं तर हरणं परत आली होती. इतक्या वर्षांच्या बंदीने एवढं झालं होतं की वरच्या डोंगरातले दोन-चार नर खालच्या रानात उतरले होते. वनरक्षकांनी खुरांचे ठसे बघितले तेव्हा कचेरीत पेढे वाटावेत तसा आनंद झाला. पण ही बातमी वनखात्याला कळायच्या आधी चोरट्या शिकाऱ्यांना कळली होती. पावसाळा संपताच एका नराचं मुंडकं रस्त्याकडेला सापडलं, नुसतं, शिंगांशिवाय. रेंजरसाहेबांनी वरती मागणी केली की परदेशात मिळतं तसं विजेच्या मोटरवर मान हलवणारं खोटं हरीण द्या, शिकारी त्याच्यावर गोळी झाडतील आणि आम्ही त्यांना पकडू. वरून उत्तर आलं की असं हरीण खात्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही.

नेमकं त्याच वेळी पर्यावरण मंडळाचं पथक संग्रहालयात आलं. आतल्या सोमलामुळे सगळी जुनी जनावरं विषारी कचरा ठरली होती. खड्डा खणून, प्लास्टिक अंथरून पुरायचा हुकूम होता. पांढरे पोशाख, तोंडावर मुखवटे, हातात कोपरापर्यंत मोजे घातलेली माणसं एकेका बदकाला चिमट्याने उचलत होती. जनावरांना निरोप द्यायला बाबांना बोलावलं होतं, मी त्यांच्या सोबत गेले होते. ते आपले साध्या सदऱ्यात, उघड्या हातांनी बदकांची पिसं सारखी करत उभे. पथकातला एक जण मुखवट्याआडून ओरडला, "आजोबा, लांब व्हा! मराल!"

"कधी?" बाबांनी विचारलं.

सभापतीची पाळी आली तेव्हा मात्र बाबा त्याच्या आणि माणसांच्या मधे उभे राहिले.  नुसते उभे राहिले.  मी तडक कचेरीत आले आणि रेंजरसाहेबांना म्हटलं, "साहेब, खोटं हरीण हवंय ना? फुकट आहे. फक्त आजच्या आज न्यायला हवं."

रेंजरसाहेब तरुण होते, पण कागद फिरवण्यात तयार. त्यांनी संध्याकाळच्या आत सभापतीची वनखात्यात बदली करून घेतली. एका खात्याचा हुकूम होता की हे हरीण जमिनीत पुरा, दुसऱ्या खात्याचा की रानात उभं करा. दोन्ही खात्यांचे मंत्री एकच असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

बाबा पुन्हा कामाला लागले. पुढच्या खोलीत सभापती आला, पडदा पडला, आणि घरात तो जुना वास भरला. मुलगा नाक दाबून कॉलेजला जायचा. बाबांना बारीक दिसत नव्हतं, त्यामुळे सुईत दोरा मी ओवायचे, टाका ते बोटांनी घालायचे. वरून त्यांनी लाखेचे दोन हात दिले, म्हणजे विष आतल्या आत राहील. एका कानाला आणि शेपटीला आतून दोरी लावली. लांबून ओढली की कान फडफडायचा, शेपूट उडायची. हा दोरीचा खेळ एकट्या बाबांनाच जमायचा, म्हणून सभापतीबरोबर बाबांनीही रानात बसायचं ठरलं. बाबांच्या सोबतीला मी. दोरी बांधताना त्यांनी रेंजरसाहेबांना अगदी सहज विचारलं, "तिथे खरी येतात का?"

"येतात की. येतील एखादे वेळी."

त्या रात्री ते दोनदा जेवले.

दर संध्याकाळी आम्ही एका दगडी बांधाच्या आड बसायचो. समोर, अगदी दहा-बारा पावलांवर, उंचवट्यावर सभापती. डाव्या हाताला गाडीवाट. पलीकडच्या झाडीत रेंजरसाहेब आणि वनरक्षक. बुजगावण्याचं काम पाखरं घालवायचं. आमचं काम माणसं बोलावायचं. बाबांनी वास जावा म्हणून आठवडाभर नुसत्या राखेने अंग घासलं होतं. कपडे मी झाडपाल्यात घालून ठेवायचे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगाला कशाचाच वास येत नव्हता.

पहिले कित्येक दिवस कुणी फिरकलं नाही. नाही म्हणायला वन्यजीव गणनेची स्वयंसेवक मंडळी मचाणावरून सभापतीला बघून गेली आणि त्यांनी एक पूर्ण वाढ झालेला, अत्यंत निर्भय नर नोंदवला. रेंजरसाहेबांनी ते खोडलं नाही. आकडा वाढलेला वरती आवडतो, असं ते म्हणाले.

मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, झुडपांत काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. मला वाटलं गाय. बाहेर आलं ते गाईपेक्षाही गबाळं. सगळं अंग चिखलाने माखलेलं, एक कान फाटलेला, शिंगाचं एक टोक तुटलेलं, त्यात गवताच्या जुड्या अडकलेल्या. मान खाली, पाय फेंगडे, तोंडाला फेस. भोवती माश्या. क्षणभर माझ्या ध्यानातच आलं नाही. मग बाबांचा हात माझ्या मनगटाभोवती आवळला.

त्यांना दिसत होतं. एवढ्या जवळून त्यांनाही दिसत होतं.

हंगाम माजाचा होता. त्या नराने सभापतीला बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. आपल्या हद्दीत हा कोण टिकोजीराव छाती काढून उभा आहे? त्याने खुरांनी माती उकरली. नाकातून फुत्कारला. बाजूने, तिरका तिरका चालत जवळ आला. मी बाबांच्या कानात म्हटलं, "बाबा, त्याला हे खरं वाटलं!"  कुठल्या डॉक्टरने, कुठल्या वकिलाने दिली नव्हती ती पावती त्यांना मिळत होती, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. दोरी त्यांच्या हातातून केव्हाच गळून पडली होती.

"पोट हलतंय," ते म्हणाले.

मला कळेना. मग दिसलं. चिखलाखाली त्या जनावराच्या बरगड्या आत-बाहेर होत होत्या. श्वास चालू होता. बाबांनी आयुष्यभर पोटं भरली होती. घट्ट, गोल, सुबक. त्यातलं एकही कधी हललं नव्हतं. "पोट हलतंय गं त्याचं," ते पुन्हा म्हणाले आणि रडू लागले, अगदी आवाज न करता. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मीही रडले. सासूबाई असायला हव्या होत्या, असं वाटलं.

आणि गाडी आली. दिवे बंद, इंजिन हळू. वाटेवर थांबली. बांधाच्या फटीतून मला गाडीच्या खिडकीतून बाहेर येणारी नळी दिसली. समोर दोन नर होते. एक बाबांचा, एक खरा. पलीकडच्या झाडीतून रेंजरसाहेबांना खरा दिसत होता की नाही देव जाणे. ओरडावं तर शिकारी पळणार, न ओरडावं तर...  बाबा उठून उभे राहायला लागले. म्हातारा माणूस, डोळ्यांनी अधू, बंदुकीच्या तोंडासमोर. मी त्यांचा सदरा धरून खाली ओढला. ते माझ्यावर जन्मात ओरडले नव्हते, त्या दिवशी ओरडले, "सोड! मारतील त्याला!"

बार झाला.

खरा नर एका उडीत झुडपांत गेला. फांद्या मोडत मोडत आवाज लांब गेला आणि डोंगराच्या बाजूला विरला. उंचवट्यावर सभापती तसाच उभा होता, मान उंच, पाय वर. छातीच्या मधोमध गोळी लागली होती आणि त्या भोकातून पेंढा बाहेर आला होता. शिकाऱ्यांना हरीण पडत का नाही ते कळेना, म्हणून त्यांनी आणखी एक गोळी घातली. तेवढ्यात वनरक्षकांनी गाडीला वेढा घातला.

त्यातल्या एकाला रेंजरसाहेबांनी तिथेच विचारलं, "अरे, दोन होते ना समोर? मग यालाच का?"

तो गोंधळला. "दोन कुठे, साहेब? हरीण एकच होतं. पाटीवर असतं ना, तस्संच उभं होतं."

"आणि शेजारी?"

"ती गाय नव्हती?"

खटला उभा राहिला. शिकाऱ्यांचा वकील म्हणाला, माझ्या अशिलांनी गवताच्या भाऱ्यावर गोळी झाडली, त्यात कसला आलाय गुन्हा? न्यायाधीशांनी साक्षीला आलेल्या बाबांना विचारलं, "हे हरीण केव्हा मेलं?" बाबा विचारात पडले. "साहेब, पहिल्यांदा की आत्ता?" कोर्टात हशा पिकला. शिक्षा मात्र झाली, कारण वकीलसाहेबांनी लिहिलेल्या कायद्यात नुसता नेम धरणंही गुन्हा होता. तेवढं कलम त्यांनी चोख लिहिलं होतं. नेम धरणाऱ्याच्या मनात काय असतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

सभापती दुरुस्तीला घरी आला तोवर बाबांना माणसं फक्त आवाजाने ओळखू येत होती. ते खाली बसून बोटांनी भोकं चाचपत होते. मी सुईत दोरा ओवून दिला आणि किती दिवस मनात होतं ते विचारलं.

"बाबा, आता तुम्ही खरं कसं उभं राहतं ते बघितलंत. सगळं शिवतोच आहोत तर मानही खाली घेऊ या का? पाय जमिनीवर टेकवू. एकदा तरी बरोबर होऊ दे."

त्यांनी दोन टाके घातले. मग म्हणाले, "नको. तसं केलं तर त्यांना कळेल ना, खरं कसं दिसतं ते. खऱ्याला कशाला उघडं पाडायचं? ज्याला मारायचंय, त्याला असंच हरीण हवं असतं. मी काय कमी जणांना भरून दिलीत? मला माहितेय." त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ते आपलं गाय बनून फिरू दे बापडं."

थोड्या वेळाने ते चाचपडत पुढे सरकले, सभापतीचा उचललेला पाय त्यांनी हाताने मापला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "हा जरा आणखी वर घेऊ. धर बघू."

मी पाय धरला, त्यांनी तार पिळली.